हे गमबूट की कागद?

यंदाचा हा तिसरा जोड. तिसरा! जूनमध्ये घेतला आणि दसऱ्याआधी घोट्याच्या घडीवर आडवी चीर. परवा रात्री दीडला उसाला पाणी द्यायला दारं धरताना डाव्या पायात गार पाणी शिरलं. गेला हाही.

दुकानात जावं तर एकच पालुपद, "मामा, एक नंबर माल!" एक नंबर? मग वाकवून दाखव की! हे पीव्हीसीचे बूट उन्हानं कडक होतात आणि चालताना जिथं रोज वाकतात, तिथंच तडकतात. रबरी मागितला तर आठ नंबर नाही, दहा आहे. "दोन मोजे घाला." आमच्या काळ्या रानात सैल बूट घालून पाय उचलून बघा, पाय वर येतो, बूट चिखलातच!

रात्री रानात आम्ही हौसेनं जातो का? मोटारीला लाईटच रात्रीची. बांधाला घोणस. उंदरांच्या मुतानं नासलेलं पाणी, त्यात टाचेला भेगा. लेप्टोचा ताप यायला आणखी काय लागतं? २०१९ च्या पुरात कृष्णा सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आठ दिवस गाळ उपसला, फाटक्या बुटानं.

घोट्याला जाड रबर, आत कापडी अस्तर, मापाचा नंबर. एवढंही मिळू नये? सध्या चिरेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. आज रात्री बारापासून लाईट आहे.