आतला कोपरा

परवा दुकानात एक तरुण आला. मनगटावर साडेसहा लाखांचं स्विस घड्याळ. बिघाड काही नव्हता, पट्ट्याची एक कडी काढायची होती. पाठ काचेची, आतलं मशीन दिसावं म्हणून. सवयीने डोळ्याला भिंग चढवलं आणि कडी सोडून आधी पाठच बघत बसलो.

"काका, काय शोधताय?"

"कोपरा."

सांगतो. चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना ब्रिज म्हणतात. त्यांच्या कडा तिरक्या घासून आरशासारख्या करायच्या, ही तिकडची जुनी रीत. बाहेरची कड मशीनवर निघते. पण दोन कडा आतल्या बाजूला जिथे मिळतात, तो टोकदार कोपरा मशीनला जमत नाही. फिरणारं कटर गोल, ते कोपऱ्यात आपली गोलाई सोडूनच बाहेर येणार. तिथे कानसच लागते. शेवटची चमक ज्युरा डोंगरातल्या जेन्शन नावाच्या रानटी झुडपाच्या वाळलेल्या काडीने, तिला हिऱ्याची पेस्ट लावून. स्वित्झर्लंडच्या व्हाले द झू खोऱ्यातले घड्याळकार फिलिप द्यूफूर यांनी 2000 साली आणलेल्या 'सिंप्लिसिटी' घड्याळाचे फोटो मोठे करून बघा. तीनच काटे, तारीखसुद्धा नाही, पण आतले कोपरे असे की सुईचं टोक टेकवावं.

या साडेसहा लाखांत कोपरे सगळे गोल होते. पट्टीवरच्या शोभेच्या रेघाही मशीनच्या.

आता कमेंटमध्ये येईलच, "वेळ तर बरोबर दाखवतं ना?" दाखवतं की! पण पाचशे रुपयांचं सेलवर चालणारं घड्याळ त्याहून बरोबर दाखवतं. चावीच्या घड्याळाला क्रोनोमीटरचा, म्हणजे अचूकपणाचा, दाखला मिळतो, त्यातही दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंदांची सूट असते. सेलवाल्याचा तेवढा फरक पडायला आठवडा तरी जातो. 1969 च्या डिसेंबरात जपानच्या सेइकोने सेलवर चालणारं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं तेव्हाच अचूकपणाची शर्यत संपली. त्यानंतर स्विस लोकांनी विकला तो कारागिराचा हात. मग हाताचे पैसे घेऊन हातच काढून घेतला, तर उरलं काय? डायलवरचं 'स्विस मेड'? 2017 पासूनच्या नियमाने त्याला, बाकीच्या अटी पाळल्या तर, उत्पादनखर्चाचा 60 टक्के भाग तिथला असला की पुरतो.

मी मशीनचा वैरी नाही. आज भाग जितके नेमके कापले जातात, तितके माझ्या वडिलांच्या काळी कापता येत नव्हते. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग, म्हणजे आतली केसासारखी बारीक स्प्रिंग, लोहचुंबकाला दाद देत नाही, हेही खरं. पण ती तुटली की तुटली. जनता एचएमटीची वाकडी झालेली स्प्रिंग आम्ही चिमट्याने सरळ करून दिलीय, किती वेळा त्याला गणती नाही. शिवाय बऱ्याच बड्या कंपन्या बाहेरच्या कारागिराला सुटे भाग देतच नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या टिकेल म्हणून विकायचं आणि दुरुस्तीची किल्ली स्वतःच्या खिशात! याचा मला जास्त राग येतो.

त्या पोराला यातलं काही बोललो नाही. कडी काढून दिली. हौसेने घेतलेल्या वस्तूवर आपण कशाला विरजण घाला.

रात्री मात्र भंगारातला एक पितळी ब्रिज काढला आणि कानस घेऊन बसलो. तीन तासांत एक कोपरा. भिंगाखाली धरला, तर टोक निघालंय पण डावी कड उजवीपेक्षा जाड. रविवारी परत बसणार आहे.