गाड्यांचं स्मशान, न मेलेल्या बॅटऱ्या

तो फोटो तुमच्याकडेही आला असेल. गवत माजलेलं मैदान आणि त्यात एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या शेकडो बुटक्या राखाडी गाड्या. २०२१ पासून तो जगभर फिरतोय. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा उगवला. खालचा मजकूर थोडक्यात असा: हे पॅरिसजवळचं इलेक्ट्रिक गाड्यांचं स्मशान. या नुसत्या पॅरिस महापालिकेच्या गाड्या आहेत. सगळ्यांच्या बॅटऱ्या मेल्या. नवी बॅटरी गाडीच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडते, जुनी कुठल्याच कचरा डेपोवर घेत नाहीत, म्हणून गाड्या इथे टाकल्या आणि आता बॅटऱ्यांतलं विष जमिनीत झिरपतंय. त्याखाली आमच्या एका काकांची स्वतःची भर: "म्हणूनच शेअरिंगच्या इलेक्ट्रिक गाड्या कुठल्याच शहरात लोक वापरत नाहीत."

फोटो खरा आहे. मजकुराचं मात्र एकेक करून बघू.

"पॅरिसजवळ". मैदान रोमोरांतां नावाच्या गावातलं, पॅरिसपासून साधारण दोनशे किलोमीटरवर. म्हणजे नाशिकचं मैदान दाखवून "पुण्याजवळ" म्हणण्यासारखं. असो, हे किरकोळ आहे.

"महापालिकेच्या गाड्या". साहेबलोकांच्या दिमतीच्या नव्हेत. या ऑटोलिब सेवेच्या गाड्या, आणि त्या चालवायचे सामान्य पॅरिसकर. महापौर देलानोए यांच्या काळात, ५ डिसेंबर २०११ ला ही सेवा सुरू झाली. पॅरिस आणि आसपासच्या सुमारे शंभर नगरपालिकांनी मिळून बोलोरे या उद्योगसमूहाला कंत्राट दिलं होतं. वर्गणी भरून कार्ड घ्यायचं, कोपऱ्यावरच्या चार्जिंगच्या खांबापाशी ते टेकवायचं, केबल सुटी करायची आणि निघायचं. पोचलात की तिथल्या खांबाला केबल लावून चालू पडायचं. जिथून घेतली तिथेच आणून ठेवायची सक्ती नाही. भाडं अर्ध्या तासाला पाच-सहा युरो. गाडीच्या ॲल्युमिनियमवर रंगच दिलेला नव्हता. फोटोत सगळं राखाडी दिसतं ते त्यामुळे. लोकांना मात्र तो गंज वाटतो.

"सगळ्यांच्या बॅटऱ्या मेल्या". मुख्य गफलत इथे आहे. सेवा बंद पडली ती हिशेबावरून. कंत्राट २०२३ पर्यंतचं होतं आणि त्यात एक कलम होतं: तोटा ६ कोटी युरोंच्या वर गेला तर वरचा भार नगरपालिकांनी उचलायचा. २०१८ मध्ये कंपनीने मुदतअखेरचा एकूण तोटा सुमारे २९ कोटी ३६ लाख युरो होईल असं सांगितलं आणि २३ कोटी ३० लाख युरोंची मागणी पुढे ठेवली. नगरपालिकांनी नकार दिला, २१ जून २०१८ ला कंत्राट मोडायचा ठराव झाला आणि ३१ जुलैला गाड्या थांबल्या. सुमारे चार हजार गाड्या एकदम बिनकामाच्या झाल्या, त्यांतल्या बऱ्याच जुन्या बाजारात विकल्या गेल्या. फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातला एक व्यापारी त्या चार हजार युरोंच्या आत विकत होता. मैदानातल्या गाड्या म्हणजे हाच माल, गिऱ्हाइकाची वाट बघत उभा असलेला. एकाच दिवशी चार हजार बॅटऱ्या मरत नसतात, कंत्राट मात्र एका दिवसात मरतं.

"बॅटरी गाडीच्या दुप्पट". ऑटोलिबची हीच गाडी, नाव ब्लूकार, २०१३ पासून खासगी ग्राहकांनाही मिळत होती. सरकारी अनुदान वजा जाता १२,००० युरो, आणि बॅटरी महिना ८० युरो भाड्याने. म्हणजे मालकाने बॅटरी विकत घ्यायचीच नव्हती. दुप्पटीचा आकडा कुठून आला, हे मेसेज सांगत नाही.

"विष झिरपतंय". या बॅटरीत झिरपण्यासारखा द्रवच नाही. तिचा इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आतून वीजभार वाहून नेणारं माध्यम, घन पॉलिमरचा आहे. त्यामुळे एक वेगळीच भानगड होते: ही बॅटरी चांगली गरम असेल तरच काम करते, आणि चार्जरला लावून ठेवली नाही तर गरम राहण्यातच स्वतःची वीज संपवते. मैदानात बेवारस उभी करण्यासारखी वस्तू ती नव्हेच. ती निर्धोक आहे असंही मी म्हणणार नाही. याच घराण्यातली बॅटरी असलेल्या दोन बसगाड्या एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये पेटल्या आणि तशा १४९ बस काही काळ रस्त्यावरून काढाव्या लागल्या. टीका करायचीच तर ती आगीवरून करा, विषावरून नको. राहिला कचरा डेपो. तिथे घेत नाहीत हे खरंच आहे, कारण युरोपात २००६ च्या निर्देशापासूनच अशा बॅटऱ्या पुरायला मनाई आहे आणि त्या परत घेणं उत्पादकावर बंधनकारक आहे. कायद्याने घातलेली बंदी मेसेजने अडचण म्हणून खपवली.

आता काकांचा मुद्दा, आणि खरी चर्चा इथेच आहे. बंद झाली तेव्हा ऑटोलिबचे सुमारे दीड लाख वर्गणीदार होते. "लोक वापरत नाहीत" याला हा आकडा बसत नाही. पण काका पूर्ण चुकलेत असंही नाही. शेवटच्या वर्षांत वापर घसरला होता आणि तक्रारी वाढल्या होत्या: आत घाण, बाहेर पोचे, कुणीतरी रात्र काढल्याच्या खुणा, हवी तेव्हा गाडी नाही किंवा सोडायला जागा नाही. दरम्यान फोनवर बोलावायच्या टॅक्सीही आल्या होत्या. या तक्रारींत वीज कुठे आहे? पेट्रोलची गाडी असती तरी घाण तितकीच झाली असती. पुण्यात २०१७ च्या अखेरीस शेअरिंगच्या सायकली आल्या, पुढे त्या मोडक्यातोडक्या अवस्थेत पदपथांवर दिसू लागल्या. तेव्हा सायकल हे वाहनच भिकार, असं कुणी म्हणालं नाही.

काकांच्या बाजूने सर्वात भक्कम उदाहरण मीच देतो. हीच कंपनी, हीच गाडी, २०१५ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला गेली आणि पुरेसा वापर होत नाही म्हणून तिथली सेवा मे २०२० मध्ये बंद झाली. तिथे घरोघरी गाडी आणि पार्किंगचीही ददात नाही, मग तासाच्या भाड्याने कोण घेणार? उलट माद्रिदमध्ये इलेक्ट्रिक गाडीला पैसे भरायच्या पार्किंग क्षेत्रात फुकट उभं राहता येतं. तिथे २०१५ ते २०१७ दरम्यान एकामागोमाग तीन कंपन्या शेकडो इलेक्ट्रिक गाड्या घेऊन उतरल्या. पार्किंगसाठी घिरट्या घातलेल्या कुणालाही याचं कारण सांगावं लागणार नाही. अमेरिकेतल्या सॅन दिएगोत तर शेअरिंगच्या इलेक्ट्रिक गाड्यांचा ताफा २०१६ मध्ये तिथल्या कंपनीनेच पेट्रोलवर नेला, कारण चार्जिंगच्या जागा पुरत नव्हत्या.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर आलं, "मग एवढं गवत का वाढलंय?"

काका, गाडी हलली नाही की गवत वाढतं. बी विंगच्या मागे उभी असलेली तुमची पेट्रोलची गाडी एकदा खाली जाऊन बघून या.