‘सही केलीस, आता गप्प बस’ हा कायदा कुठला?

गेल्या आठवड्यात रात्री अकरा वाजता भाचीने एक संदेश पुढे पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, ‘मावशी, हे खरं आहे का गं?’ संदेश कुणा निनावी ‘कायदेतज्ज्ञा’चा होता. वेबसिरीजच्या नावाखाली अश्लील चित्रीकरणाच्या करारात अडकलेल्या मुलींना त्यात चार गोष्टी बजावल्या होत्या: सही झाली की करार मोडता येत नाही आणि मोडलाच तर दंड भरा नाहीतर तुरुंगात जा, पोलिसांकडे गेलात तर गुन्हा तुमच्यावरच, चित्रफीत एकदा इंटरनेटवर गेली की कायमची गेली, आणि वकील तुम्हाला परवडणार नाही. भाचीच्या मैत्रिणीने असाच एक करार केला आहे. असा मजकूर पसरल्याने कुणाचे फावते हे कळायला कायद्याची पदवी लागत नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

त्या कराराचा फोटो मी पाहिला. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘कथानकाच्या गरजेनुसार बोल्ड दृश्ये’ एवढाच मोघम उल्लेख आहे आणि चित्रफीत कोणत्या ॲपवर जाणार याचा पत्ता नाही, पण ‘काम अर्धवट सोडल्यास दहा लाख रुपये’ हे वाक्य मात्र ठळक अक्षरांत आहे. मुलीला प्रतही दिलेली नाही. तिने घाईघाईत मोबाइलवर फोटो काढून ठेवला, म्हणून निदान तो वाचता आला.

करार मोडणे ही मुळात दिवाणी बाब आहे, त्यासाठी कुणी तुरुंगात जात नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, म्हणजे यात नवे काहीच नाही. फसवून किंवा धाक दाखवून घेतलेली संमती ही मुक्त संमती नसते आणि कलम १९ नुसार असा करार रद्द करण्याचा अधिकार फसवल्या गेलेल्या पक्षाला असतो. त्याहून मोठी गोष्ट कलम २३ मध्ये आहे: ज्या कराराचा उद्देशच बेकायदा, तो करार मुळातच निरर्थक. लैंगिक कृत्य उघड दाखवणारा मजकूर प्रसारित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे अशा चित्रीकरणाचा करार घेऊन दहा लाख मागायला न्यायालयात गेलेला निर्माता स्वतःच्याच गुन्ह्याचा कागद न्यायाधीशांपुढे ठेवणार. धमकी फोनवरून येते आणि नोटीस क्वचितच येते, ती का हे यावरून समजावे. करार अगदी वैध धरला तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्यात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते, आपोआप लागणारा दंड नव्हे.

सही आणि कॅमेऱ्यासमोरचा होकार असूनही काय होऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. ‘गर्ल्स डू पॉर्न’ या संकेतस्थळाने मॉडेलिंगच्या जाहिराती देऊन तरुणींना बोलावले आणि चित्रफिती इंटरनेटवर येणार नाहीत असे सांगून करारांवर सह्या घेतल्या. जानेवारी २०२० मध्ये सॅन डिएगोच्या न्यायालयाने बावीस तरुणींच्या बाजूने निकाल देऊन सुमारे एक कोटी सत्तावीस लाख डॉलर मंजूर केले आणि ते करार अवैध ठरवले.

पोलिसांबद्दलच्या धमकीत थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. अशा चित्रीकरणात भाग घेतलेल्या व्यक्तीकडे पोलीस संशयाने पाहू शकतात, म्हणून जबाब देण्यापूर्वी वकिलाशी बोलावे. पण फसवून किंवा धमकावून लैंगिक शोषणासाठी माणसे आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली मानवी तस्करीचा गुन्हा आहे आणि त्यात पीडितेची संमती गैरलागू ठरते, हे कायद्यातच लिहिलेले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी मढच्या बंगल्यावर छापा घातला, त्या प्रकरणातही वेबसिरीजमध्ये काम देण्याच्या आमिषाचाच आरोप होता. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर तिच्या सहीला काहीच अर्थ नाही आणि पोक्सो कायदा लागू होतो.

चित्रफीत सगळीकडून पुसली जाईल अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. तरीही २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार नग्नता किंवा लैंगिक कृत्य दाखवणाऱ्या मजकुराबद्दल संबंधित व्यक्तीने तक्रार केली, तर समाजमाध्यम कंपन्यांना तो हटवावा लागतो. शिवाय राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. वकिलाच्या खर्चाचा मुद्दा तर निव्वळ खोटा आहे, कारण विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे.

भाचीची मैत्रीण लाजेपोटी हे काम देणाऱ्या समन्वयकाशी झालेले सगळे चॅट पुसायला निघाली होती. त्यात त्याचा एक व्हॉइस मेसेज आहे: ‘फक्त बोल्ड आहे, न्यूड काही नाही, घरच्यांना दाखवता येईल असं.’ फसवणूक सिद्ध करायला तिच्याकडे सध्या याहून चांगला पुरावा नाही, म्हणून तो मेसेज तसाच ठेवून फोन बदलू नकोस, असे मी तिला कळवले आहे.