ऑक्सिजन भरपूर असला तरी जीव गुदमरतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अंतराळयानात ऑक्सिजनच्या टाक्या पुरेशा असल्या की झालं, कार्बन डायऑक्साइड काढण्याचा एवढा बाऊ कशाला? आणि काढायचाच, तर झाडं आहेतच की.

पहिला मुद्दा मला अजिबात पटत नाही. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. दहा घनमीटरच्या बंद जागेत एकट्याने चोवीस तास काढले, तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १५ च्या आसपास उतरतो. तेवढ्या विरळ ऑक्सिजनवर डोंगरात राहणारी माणसं आहेत. पण त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड पाच टक्क्यांवर गेलेला असतो, आणि खरा घात तिथे होतो. आपल्या रक्तात या वायूचा दाब ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. पाच टक्क्यांच्या हवेतही तो जवळपास तितकाच भरतो. मग रक्तातला वायू फुप्फुसातून बाहेर पडणार कसा? धाप लागते, डोकं ठणकतं, रक्तातली आम्लता वाढत जाते. अशा वेळी टाकीतून कितीही ऑक्सिजन सोडा, ही कोंडी फुटत नाही.

अपोलो १३ या अमेरिकी चांद्रमोहिमेचंच बघा. एप्रिल १९७० मध्ये स्फोटानंतर तिघे अंतराळवीर लूनर मॉड्यूलमध्ये, म्हणजे चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानात, आले, तेव्हा तिथे ऑक्सिजन पुरेसा होता. कमी पडणार होते ते हवा शुद्ध करणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे, कारण ते मॉड्यूल दोघांच्या हिशोबाने बनवलं होतं. मुख्य यानातले डबे चौकोनी, इथली जागा गोल. शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, स्पेससूटची नळी आणि चिकटपट्टी यांनी जोड बनवला, तेव्हा कुठे वायूचं प्रमाण झरझर उतरलं.

हे डबे एकदाच वापरता येतात. एक किलो वायूसाठी किलोभराहून थोडं जास्तच रसायन लागतं. सात जणांना सहा महिने पुरवायचं तर जवळजवळ दीड टन. म्हणून अंतराळ स्थानकात झिओलाइट हे सच्छिद्र खनिज वापरतात. त्याचे दाणे वायू धरून ठेवतात. मग ते तापवून बाहेरच्या निर्वात पोकळीशी जोडले की वायू सुटतो आणि दाणे पुन्हा कामाला तयार. अडचण अशी की झिओलाइटला पाण्याची ओढ कार्बन डायऑक्साइडपेक्षाही जास्त, त्यामुळे हवा आधी पूर्ण कोरडी करावी लागते. शिवाय दाणे झिजतात, त्यांची धूळ झडपांत अडकते आणि अंतराळवीरांना दुरुस्तीला बसावं लागतं. बाऊ म्हणालात, पण हे काम रोजचं आहे.

झाडांचं म्हणाल तर कल्पना चांगलीच आहे, आणि त्यावर गंभीर प्रयोगही झाले आहेत. पण एका माणसामागे कित्येक चौरस मीटर लागवड आणि तिच्यावर दिवसभर प्रखर उजेड हवा. तेवढी जागा आणि वीज आजच्या यानांत नाही. त्यापेक्षा साबातिए प्रक्रिया जवळची वाटते : कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून पाणी, आणि त्या पाण्यापासून पुन्हा ऑक्सिजन. मात्र सोबत मिथेन तयार होतो, तो बाहेर सोडला की त्यातला हायड्रोजनही जातो, आणि म्हणून अजून निम्माच ऑक्सिजन परत मिळतो. मंगळाच्या लांब प्रवासासाठी तो हायड्रोजन वाचवायचे मार्ग शोधले जात आहेत.