टेपचं दुसरं टोक

पंचनाम्याची नक्कल काल हातात आली. तिसऱ्या पानावर माझा उल्लेख आहे: 'टेपचे दुसरे टोक धरणारा इसम'. अर्ज माझा, दारोदार फिरून सह्या गोळा केल्या त्या मी, तीन सुनावण्यांना वेळेवर हजर राहणारा अख्ख्या कार्यालयात मी एकटा, आणि कागदोपत्री मी इसम. लॉन्ड्रीचे मालक मात्र 'श्री.' आहेत. त्यांच्या आर्किटेक्टना तर 'श्री.' आणि हुद्दा, दोन्ही.

प्रकरण थोडक्यात असं. खालच्या फ्लॅटमध्ये लॉन्ड्री सुरू झाली. मी बरोब्बर तिच्या डोक्यावर राहतो. मंजूर नकाशात ती जागा निवासी आहे. तिथे धंदा करायचा तर आधी वापर बदलाची परवानगी लागते, ती घेतली नव्हती. म्हणून मी अर्ज दिला.

लॉन्ड्रीचा त्रास म्हणजे आवाज, असं ज्यांच्या खाली लॉन्ड्री नाही त्यांना वाटतं. आवाज परवडला. खरी भानगड पिळायच्या फेरीची. ड्रममध्ये ओल्या चादरी एका अंगाला गोळा होतात. समजा दोन किलोचा बोळा, मध्यापासून तीस सेंटिमीटरवर, आणि ड्रम मिनिटाला 600 फेरे घेतोय. हिशेब केला तर तो बोळा मशीनला सुमारे 240 किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढत असतो, आणि ओढायची दिशा सेकंदाला दहा वेळा पूर्ण फिरते. धंद्याच्या मशीनच्या मुळात दोन जाती. एकीचा ड्रम आतल्या आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो, तो आपली थरथर बरीचशी आपणच गिळतो. दुसरी थेट जमिनीला बोल्टने आवळायची. तिला खाली जाड काँक्रीटचा पाया लागतो, तोही इमारतीपासून सुटा. तो न घालता घरातल्या टाइल्स फोडून चार बोल्ट ठोकले, की पाया म्हणजे अख्खी इमारत. आमच्याकडे दुसरी जात आहे. माझ्या कपाटातल्या काचेच्या वस्तू दिवसातून आठ वेळा एकमेकींशी बोलतात.

मालकांनी समजूतदारपणे मशीनखाली रबराचे तुकडे सरकवले. थरथर वाढली. त्यांना वाटलं मी खुन्नस काढतोय. पण रबरावर ठेवलेल्या वस्तूला स्वतःची एक डुलायची गती असते. मशीनच्या फेऱ्यांची गती त्या डुलण्याच्या 1.4 पटीच्या वर गेली तरच रबराचा उपयोग, आणि त्याहून खूप वर गेली तर चांगला उपयोग. दोन्ही गती जवळजवळ आल्या तर रबर झोक्यात बसलेल्याला मागून ढकलणाऱ्या मुलासारखं वागतं. रबर विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. तो तर गाडीच्या पायपोसांचे उरलेले तुकडे विकत होता.

मग आवाज मोजायला माणूस आला. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस. मीटरने 52 दाखवले. पहिली गोष्ट म्हणजे तो आला तेव्हा मशीन नुसतं घुसळत होतं. पिळायची फेरी सहा-सात मिनिटांची, ती त्याने आल्यापासून पाचव्या मिनिटाला निघून हुकवली. दुसरी गोष्ट जास्त चीड आणणारी. हा मीटर माणसाच्या कानासारखा मोजतो, आणि कान खर्ज कमी ऐकतो, म्हणून मीटरही खर्ज मुद्दाम वजा करतो. 63 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 63 कंपनांना, साधारण 26 डेसिबल, 31.5 ला 39. आणि सेकंदाला दहाची थरथर तर कानाला ऐकूच येत नाही. ती पलंगाच्या पायातून थेट दाढांत पोचते. 'दाढांत' हा शब्द मी अर्जात लिहिला होता. तो खोडून कोणीतरी समासात 'दंतविषयक' असं लिहिलंय. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी आवाजामागे लागू नये. पिळायच्या फेऱ्यांच्या वेळा तारखेसकट वहीत मांडाव्यात, आणि आवाज नव्हे, कंप मोजून मागावा. मला हे दुसऱ्या सुनावणीनंतर सुचलं.

आवाजाने काही झालं नाही, तेव्हा मी रस्त्याकडे वळलो. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे कुठे काय बांधायचं आणि चालवायचं याच्या राज्याच्या नियमांत, निवासी भागाचे दोन प्रकार आहेत. दाट वस्तीबाहेर रस्ता 12 मीटरपेक्षा अरुंद असेल तर आर-1, बारा किंवा जास्त असेल तर आर-2. आर-1 म्हणजे जवळजवळ निव्वळ राहण्यासाठी. आर-2 मध्ये दुकानं चालतात, आणि लॉन्ड्रीसारख्या सेवाउद्योगांनाही कामगार, अश्वशक्ती आणि जागा यांच्या मर्यादा घालून वाट दिलेली आहे. म्हणजे माझ्या दाढांचं भवितव्य रस्त्याच्या रुंदीवर. म्हणून स्थळपाहणी. मंगळवारी अकराला अभियंता आले, तीस मीटरचा टेप घेऊन, एकटेच. टेपला टोकं दोन असतात याचा विचार कार्यालयाने केलेला नव्हता.

"जरा धरता का?" ते मला म्हणाले. मी धरलं. इथेच माझा इसम झाला.

माझ्या बाजूला कंपाउंडची भिंत, पायाशी गटार. समोर मालक आणि त्यांचे आर्किटेक्ट. आणि मध्ये, रस्त्याच्या बरोब्बर मधोमध, हातात कापडी पिशवी घेतलेले एक गृहस्थ. ते कोण हे कोणी विचारलं नाही. अभियंत्यांना वाटलं ते माझ्याकडचे, मला वाटलं ते कार्यालयाचे, मालकांना वाटलं ते सोसायटीचे. त्यांनी येताक्षणी कामाचा ताबा घेतला.

"टेपला झोळ आहे, साहेब. झोळ असला की माप जास्त येतं."

हे खरं आहे. पण बारा मीटरांत वीतभर झोळ असला तरी फरक पडतो सेंटिमीटरच्या आतबाहेर. मी हे सांगायला तोंड उघडलं, तोवर ते पुढच्या मुद्द्यावर गेले होते.

"रस्ता कुठून सुरू होतो?"

"हद्दीपासून हद्दीपर्यंत," अभियंता.

"गटार रस्त्यात धरायचं?"

"धरायचं."

"फुटपाथ?"

"तोही."

"फुटपाथवर स्कूटर उभी आहे."

"ती नाही मोजायची."

"मोजायची नाही, पण टेप तिच्यावरून न्यायचा, का खालून?"

अभियंता गप्प झाले. नोकरीत आल्यापासून हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला असावा. "बाजूने घ्या," शेवटी ते म्हणाले. आर्किटेक्टनी टेपचं टोक आनंदाने दोन मीटर डावीकडे नेऊन भिंतीला टेकवलं. माप आलं 11.97.

"अहो, टेप तिरका झाला!" मी गटाराच्या काठावरून ओरडलो. "दोन मीटर सरकलात तर कर्ण मोजताय तुम्ही. पायथागोरसने..."

"पायथागोरस कोण?" गृहस्थांनी विचारलं. "यांच्याकडचे का तुमच्याकडचे?"

"कुणाकडचेच नाहीत."

"मग त्यांना मध्ये कशाला घालताय? इथे आधीच पाच माणसं आहेत."

मुद्दा बिनतोड होता. अभियंत्यांनी लिहायला पेन काढलं. मी टेप सोडायला तयार नाही, कारण सोडला तर 11.97 कायम. अजून वीसेक सेंटिमीटर सरकले असते तर बाराच भरले असते. तेवढी कल्पना आर्किटेक्टना सुचली नाही हे नशीब. गृहस्थांनी मात्र माझा चेहरा बघितला, पिशवी खाली ठेवली आणि स्कूटरचं हँडल धरून ती एकट्याने मागे ओढली. "घ्या. आता सरळ." टेप काटकोनात आला. 11.80. गृहस्थांनी आकडा दोनदा मोठ्याने वाचला, एकदा माझ्याकडे तोंड करून, एकदा मालकांकडे. आर-1! मी भर गटारावर उभा राहून जिंकलो होतो. निदान दीड मिनिट.

मग आर्किटेक्टनी बगलेतली गुंडाळी उघडली. विकास आराखड्याचा नकाशा. त्यात आमचा रस्ता 12 मीटर दाखवलाय. "प्रस्तावित," ते म्हणाले. "रुंदी बघताना अस्तित्वातली किंवा प्रस्तावित." अभियंत्यांनी मान डोलावली. म्हणजे तासभर आम्ही जो रस्ता मोजला तो विचारात घ्यायचाच नव्हता. विचारात घ्यायचा तो रस्ता अजून झालेलाच नाही. आणि तो होईल तेव्हा वीस सेंटिमीटर दोन्हीकडून दहा-दहा जाणार. माझी तक्रार गेली ती गेली, वर कंपाउंडची दहा सेंटिमीटरही गेली.

एवढं झाल्यावर गृहस्थ मालकांकडे वळले. "आमच्या चादरी झाल्या का हो?"

ते गिऱ्हाईक होते. चादरी न्यायला आले होते. माझ्या दाढांतला तो दोन किलोचा बोळा बहुधा त्यांचाच.

परवानगी नव्हती हा मुद्दा तरी शिल्लक होता ना? होता. 1966 च्या नगररचना कायद्यात कलम 52 खाली शिक्षा आहे, कलम 53 खाली नोटीस आहे. पण नोटिशीनंतर मालकाने वापर कायम ठेवू द्या म्हणून अर्ज केला, की त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने वापर बंद होत नाही. अर्ज झाला. निकाल यायचाय. मशीन चालू आहे. तक्रार करणाऱ्यांना हे कोणी आधी सांगत नाही, नाहीतर ते थेट मालकाशी पायाच्या काँक्रीटबद्दल बोलले असते. त्यात दोघांचाही वेळ कमी जातो. माझ्या अर्जावर ज्या चौदा शेजाऱ्यांनी सह्या केल्या, त्यांतल्या नऊ जणांचे शर्ट आता खाली इस्त्रीला जातात. विचारलं तर म्हणतात, तत्त्व वेगळं, इस्त्री वेगळी.

रागाच्या भरात मी या 'विभाग' प्रकरणाचं, म्हणजे शहराचे राहण्याचे आणि धंद्याचे असे भाग पाडण्याचं, मूळ शोधायला गेलो, आणि नको ते सापडलं. धंद्याला शहराचा कोपरा नेमून द्यायचे अमेरिकेतले जे अगदी सुरुवातीचे नियम आहेत, त्यांतला एक लॉन्ड्रीवरच आहे. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावाने 1885 मध्ये ठरवलं की लॉन्ड्री चालवायची तर रेल्वेरुळाच्या पश्चिमेला आणि जी स्ट्रीटच्या दक्षिणेलाच. बोलायला कारण स्वच्छता आणि आगीचं. रोख चिनी धोब्यांवर. त्याच राज्यातल्या सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लॉन्ड्रीला परवाना लागायचा. दोनशेच्या आसपास चिनी मालकांनी अर्ज केले, सगळे फेटाळले; बाकीच्यांचे ऐंशीच्या आसपास, एक सोडून सगळे मंजूर. 1886 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे हाणून पाडलं. पुढे 1926 मध्ये त्याच न्यायालयाने विभागवारी मुळात वैध ठरवली, आणि निकालात म्हटलं की उपद्रव म्हणजे पुष्कळदा योग्य वस्तू अयोग्य जागी, जसं गोठ्याऐवजी दिवाणखान्यात डुक्कर. वाक्य मला इतकं आवडलं की ते मी तिसऱ्या सुनावणीत म्हटलं. म्हणायला नको होतं. मालकांनी फक्त डुक्कर ऐकलं. त्या दिवसापासून जिन्यात ते माझ्याकडे बघत नाहीत, आणि मलाही त्यांच्याकडे बघताना तो रेल्वेरूळ आठवतो. थरथर खरी आहे. पण माझ्या अर्जातलं 'अशा लोकांमुळे परिसराचा दर्जा खालावतो' हे वाक्य सह्या मिळवायला घातलेलं होतं, ते काही थरथरीतून आलेलं नव्हतं.

आज कार्यालयात गेलो होतो. 'इसम' खोडून 'अर्जदार' करा एवढंच म्हणणं. कारकुनांनी पंचनामा शांतपणे वाचला. "करता येईल," ते म्हणाले. "पण पंचनाम्यात दुरुस्ती म्हणजे फेरपाहणी. मंगळवारी अकराला. आमच्याकडे माणूस एकच आहे. तुम्ही याल ना धरायला?"