पैसे देऊन हमाली

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 च्या वर सरकला की शहराच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, कूलरमध्ये पाणी भरा, पन्हं प्या आणि संध्याकाळी सातपर्यंत दाराबाहेर तोंड काढू नका. दुसरा म्हणतो, चला उत्तराखंडात, कुमाऊँच्या डोंगरांत. हा दुसरा तट पूर्वी टॅक्सी करून नैनीतालला जायचा, होडीत फोटो काढायचा आणि न लागणारे स्वेटर घेऊन परतायचा. अलीकडे त्यातूनही एक गट फुटला आहे. तो पाठीवर सॅक घेऊन अल्मोडा, कटारमल, बिनसर, जागेश्वर अशा भागात पायी हिंडतो. घरच्या वडीलधाऱ्यांना या गटाचं कोडं उलगडत नाही. "म्हणजे पैसे देऊन हमाली करायची?" असं आमचे नाना विचारतात, आणि मी त्या फुटीर गटातला असूनही मला याचं उत्तर आजवर सुचलेलं नाही.

हमाली म्हटली की आधी वजन ठरवावं लागतं. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाठीवर घ्यायचं नाही, हा नियम. साठ किलोच्या माणसाने बारा, आणि पोट सुटलेलं असेल तर ते आधीच उचललेलं आहे हे लक्षात ठेवून दहा. कुमाऊँच्या या भागात मुक्कामाला छप्पर मिळतं, त्यामुळे तंबू लागत नाही, 45 लिटरची सॅक पुष्कळ होते. रिकामी सॅक दीड किलो, कपडे अडीच, पावसाचं जाकीट आणि एक गरम कपडा मिळून एक, पाणी दोन लिटर म्हणजे दोन किलो, औषधं-टॉर्च-चार्जर एक, चपला अर्धा, खाऊ एक. झाले साडेनऊ. हा हिशेब कागदावर फार देखणा दिसतो. तो घरात कुणाला दाखवू नये.

सॅक घेताना दुकानदार लिटर सांगतो, रंग सांगतो, पाठीची लांबी मात्र विचारत नाही. ती घरी शिवणाच्या टेपने मोजून न्यावी. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथपासून, दोन्ही हात कमरेवर ठेवल्यावर अंगठे मागे ज्या रेषेत येतात तिथपर्यंत. सॅकची पाठ याहून लांब असली तर पट्टा मांड्यांवर येतो, आखूड असली तर पोटात रुततो. सगळं रहस्य त्या कमरेच्या पट्ट्यात आहे. वजन खांद्यांनी उचलायचं नसतं, कमरेच्या हाडांनी उचलायचं असतं. आपल्याकडच्या बायका पोराला खांद्याला टांगत नाहीत, कडेवर घेतात. त्यांनी हे शास्त्र कुठल्याही दुकानात न जाता शोधून काढलं आहे.

म्हणून क्रम असा: सगळे पट्टे सैल करून सॅक मांडीवर घ्या, एक हात घाला, वळा, दुसरा घाला. मग आधी कमरेचा पट्टा हाडांच्या वर आवळा. त्यानंतर खांद्याचे पट्टे, पण फक्त पाठीला टेकतील इतकेच. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या दोन बारीक पट्ट्या थोड्या ओढा, आणि शेवटी छातीवरची. नवशिके बरोबर उलटं करतात. खांदे करकचून आवळतात, कमरेचा पट्टा शोभेच्या तोरणासारखा लोंबत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी मानेला बाम चोळत बसतात.

सरावाला ग्वाल्हेरात किल्ल्यासारखी जागा नाही. उरवाई दरवाजाकडून गाडी थेट वर जाते, तिकडे बघायचंसुद्धा नाही. पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजाकडून चढायचं, तेही पहाटे साडेपाचला. साडेआठनंतर त्या दगडावर पापड भाजून निघेल. सॅकमध्ये एकेक लिटरच्या दहा बाटल्या भरायच्या. एक लिटर म्हणजे एक किलो, काट्याची गरज नाही. वर पोचल्यावर पाणी झाडांना घालायचं आणि रिकाम्या बाटल्या घेऊन उतरायचं, कारण गुडघे चढताना दमतात पण बिघडतात उतरताना. मेमध्ये दहा लिटर पाणी असं घालवलेलं घरी कळलं तर वेगळं प्रकरण होतं, तेव्हा झाडांचा उल्लेख आधी करावा.

या चढावर चतुर्भुज मंदिर लागतं. खडकात कोरलेलं, लहानसं. आतल्या 876 सालच्या शिलालेखात देवाला दिलेल्या बागेची लांबी 270 हात कोरली आहे, आणि तो शेवटचा शून्य, जुन्यात जुन्या लिखित शून्यांपैकी एक, पाहायला गणिती लांबून येतात. पाठीवर दहा किलो घेऊन धापा टाकत थांबायला याहून प्रतिष्ठित कारण आख्ख्या किल्ल्यावर नाही.

बूट निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी घ्यावेत आणि अर्धा नंबर मोठे घ्यावेत. संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय फुगतो. उतारावर बोटं पुढे आदळतात. बूट नेमका असला, किंवा नखं कापलेली नसली, तर अंगठ्याचं नख काळं पडतं आणि ते दिवाळीपर्यंत साथ देतं. उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी घट्ट बांधायची म्हणजे टाच मागे राहते. टाचेला कुठे गरम लागायला लागलं तर पुढच्या वळणावर नव्हे, तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. "पोचल्यावर बघू" म्हणणाऱ्याला पोचल्यावर फोड बघायला मिळतो.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. ग्वाल्हेर-दिल्ली मार्गावर गाड्यांना तोटा नाही, खरी मारामारी दिल्लीहून काठगोदामला जाणाऱ्या रात्रीच्या रानीखेत एक्सप्रेसची. तिकीट पक्कं झालं, सॅक साडेनऊ किलोंवर बांधून झाली, की निघायच्या आदल्या संध्याकाळी खरा घाट सुरू होतो. नातेवाईक येतात.

कुणी रिकाम्या हाताने येत नाही. काकू पातळ पोह्यांचा चिवडा आणते. चिवड्याचा दोष वजनाचा नाही, आकाराचा आहे. किलोभर चिवडा निम्मी सॅक अडवतो, आणि जागा करायला दाबला तर त्याचं मेतकूट होतं. बेसनाच्या लाडवांचं उलट. जागा इवलीशी, पण पन्नास ग्रॅमचे वीस लाडू म्हणजे एक किलो, शिवाय स्टीलचा डबा. "प्लास्टिकच्या पिशवीत देते" हे वाक्य आत्याच्या तोंडून कधी निघत नाही. मग एक शाल, "वर थंडी असते बरं का." थर्मास. खरंच वेगळं मेतकूट. साखळी-कुलूप, कारण दिल्ली. यातली प्रत्येक वस्तू "एवढंसं तर आहे" या मापाने येते. एवढंसं हे माप काट्यावर सरासरी पाऊण किलो भरतं. रात्री अकराला सॅक चौदा किलो झालेली असते आणि नाना विचारत असतात, "छत्री घेतलीस का?"

नाही म्हणायची सोय नसते. अनुभवी मंडळी दशम्या मागून घेतात, म्हणजे निदान बाकीच्यांना जागा राहिलेली नाही असं सांगता येतं. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, सपाट असतात, सॅकच्या पाठीला लागून बसतात. जड वस्तूची जागा तीच: पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मधोमध. खाली हलके कपडे, वर पावसाचं जाकीट. लाडवांचा डबा बाहेरच्या खिशात ठेवला तर तो माणसाला मागे खेचतो, आणि मग माणूस पुढे वाकून, काहीतरी हरवल्यासारखा, रस्ता बघत चालतो. सगळ्याच्या आधी सॅकमध्ये कचऱ्याची मोठी काळी पिशवी अस्तरासारखी घालावी. वरचं रंगीत आवरण सरी अडवतं, पाठीकडून झिरपणारं पाणी अडवत नाही.

काठगोदाम म्हणजे लाकडाचं गोदाम. 1884 पासून रेल्वे इथवर येते आणि पुढे डोंगर बघून थांबते. पुढचे नव्वदेक किलोमीटर सामाईक जीप. ती वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. आणि भरली म्हणजे काय याबद्दल चालकाचं आणि आपलं मत वेगळं असतं. सॅक टपावर जाते, म्हणून लोंबणारे पट्टे आधी बांधून टाकावेत. उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. भवालीच्या वळणांवर पोचल्यावर घेतलेली गोळी फक्त बाहेरचं जग बघून येते. आणि 15 जूनला या रस्त्याला लागू नये. त्या दिवशी कैंचीधामचा मेळा असतो आणि जीपपेक्षा पायी माणूस लवकर पोचतो.

अल्मोड्यापासून चालणं सुरू. जूनच्या आधी चीडच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलात जमिनीवर वाळलेल्या सुयांचा थर असतो, त्याला तिकडे पिरूल म्हणतात. दिसायला मऊ गादी, चालायला तेल सांडलेली फरशी. उतारावर पाय आडवे टाकायचे, काठी खालच्या बाजूला रोवायची, आणि तरीही बसायची वेळ आलीच तर मुद्दाम बसल्यासारखं बसायचं. हाच पिरूल उन्हाळ्यात पेटतो. त्या वणव्यांचा धूर आणि मैदानातली धूळ मिळून असा पडदा तयार होतो, की बिनसरच्या झीरो पॉइंटवर, 2,400 मीटरच्या वर जाऊन उभं राहिलं तरी त्रिशूळ, नंदादेवी, पंचाचुली यातलं काहीही दिसत नाही. फलकावर शिखरांची नावं असतात, समोर ग्वाल्हेरच्या आकाशासारखंच पांढुरकं काहीतरी. स्वच्छ दर्शनाचे महिने ऑक्टोबर-नोव्हेंबर. पण शाळांना सुट्ट्या मेमध्ये लागतात, त्याला नंदादेवी काय करणार? एक जोरदार सर झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे तासभर पडदा उघडतो. म्हणून बिनसरला एक रात्र नाही, दोन ठेवाव्यात, आणि पाचला उठावं.

उन्हाळ्याची भरपाई काफळ करतं. लहान लालसर फळ, बी मोठी, गर नावाला, मीठ लावून खायचं. झाडावर एक पक्षी दिवसभर ओरडतो. कुमाऊँच्या लोकांना त्यात 'काफल पाको' ऐकू येतं, म्हणजे काफळ पिकलं. पाण्याचं मात्र जपून. डोंगरातले जुने दगडी नौले, म्हणजे झऱ्यावर बांधलेली टाकी, मे-जूनमध्ये आटतात. नकाशावर पाणी दिसलं म्हणजे पाणी असतंच असं नाही, मागच्या गावातच बाटल्या भराव्यात. क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबावं, आणि साखर-मीठ त्यानंतर घालावं, आधी नाही.

कटारमलचं सूर्यमंदिर कोसी गावाच्या वर, दमवणाऱ्या चढावर. कत्यूरी राजांच्या काळातलं, भोवती चाळीसच्या वर लहान देवळं, पूर्वेला तोंड. मुख्य मंदिराचा कोरीव लाकडी दरवाजा आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मंदिर बघायला इथे चढायचं आणि दार बघायला दिल्लीला उतरायचं. सॅक पायरीवर ठेवून हा विचार करायला बरं वाटतं.

आणि इथे मराठी माणसाची हमखास अडवणूक होते. कुमाऊँत जोशी आणि पंत घरोघरी. गोविंद बल्लभ पंत याच भागातल्या खूंट गावचे. चहाच्या टपरीवर आपण जोशी असल्याचं कळलं की समोरचे जोशी सांगतात, आमचे पूर्वजही महाराष्ट्रातूनच आले. पंत कोकण सांगतात. कधी आले हे शतकांत मोजायचं. मग ते विचारतात, तुम्ही कुठले? आपण म्हणतो ग्वाल्हेरचे, पण मूळचे? आणि मग आपणही महादजींपासून सुरुवात करतो. मूळ गाव न पाहिलेले दोन कोकणस्थ देवदाराखाली गोत्र जुळवत बसतात आणि जागेश्वरची जीप निघून जाते.

जागेश्वरच्या रस्त्यावर चितईला गोलू देवतेचं देऊळ आहे. न्यायाचा देव. लोक आपली तक्रार अर्ज लिहून, कित्येकदा रीतसर स्टॅम्प पेपरवर, इथे टांगतात. काम झालं की घंटा बांधतात. हजारो घंटा आणि हजारो अर्ज. आपल्यालाही अर्ज करावासा वाटतो, पण प्रतिवादी म्हणून सख्ख्या काकूचं नाव घालायला हात धजत नाही.

जागेश्वर हे या वाटेवरचं खरं फळ. देवदारांच्या घळीत सव्वाशेच्या आसपास दगडी देवळं, काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याइतकी, सातव्या शतकापासून पुढे बांधत गेलेली. मेच्या दुपारीही सावली गार. चालायला पाय शिल्लक असतील तर वर वृद्ध जागेश्वर आहे, खडा चढ. त्या दिवशी सॅक मुक्कामावर ठेवावी. तिच्याशिवाय चालताना पहिली दहा मिनिटं माणूस विनाकारण पुढे झुकलेला असतो.

परतीचं वजन कमी होईल असं वाटतं, कारण दशम्या संपलेल्या असतात. पण अल्मोड्याहून बालमिठाई न नेणं म्हणजे नातं तोडणं. भाजलेल्या खव्याची चॉकलेटी वडी, वर साखरेचे पांढरे दाणे. ज्यांनी ज्यांनी काही दिलं त्यांना प्रत्येकी अर्धा किलो. शिवाय पानाच्या द्रोणात गुंडाळलेली सिंगोडी. खवा ग्वाल्हेरच्या उन्हात टिकत नाही, तेव्हा परतीचा प्रवास रात्रीचा ठेवावा आणि पोचल्या दिवशीच वाटप उरकावं.

या वाटपात एक अडचण येते. काकू बालमिठाई घेते, चव बघते, बरी आहे म्हणते, आणि मग विचारते, "चिवडा कसा झाला होता?" चिवडा सॅकच्या तळाशी, न उघडलेला, बिनसरच्या झीरो पॉइंटवर जाऊन आलेला असतो. "छान," आपण म्हणतो. "संपला?" "केव्हाच." "मला वाटलंच," म्हणून ती आत जाते आणि डबा घेऊन येते.