मामा, लसूण फोडणीत घाल, नाकात नको

परवा फॅमिली ग्रुपवर मामाने फॉरवर्ड टाकलं, 'सायनस ७ दिवसांत मुळापासून गायब', खाली सहा मुद्दे आणि हात जोडलेले इमोजी. संध्याकाळपर्यंत तेच सोसायटीच्या ग्रुपवर आणि ऑफिसच्या ग्रुपवरपण. मला हा त्रास कॉलेजपासून आहे, रोज सकाळी बेसिनपाशी उभी राहून मी इतकी खाकरते की शेजारचे त्यावर घड्याळ लावत असतील, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी एक, 'मला सायनस आहे' असं आपण म्हणतो पण सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळात, गालांच्या हाडात, दोन डोळ्यांच्या मधे आणि त्याच्याही मागे खोल अशा त्या पोकळ्या. त्यांच्या अस्तराला सूज आली की सायनसायटिस, आणि ती १२ आठवड्यांच्या वर टिकली की क्रॉनिक. ती कुणाला अ‍ॅलर्जीने, कुणाला नाकात पॉलिप (अस्तराची मऊ गाठ) वाढल्याने, कुणाला दाढेमुळे. सगळ्यांना एकच उतारा कसा चालेल?

तर लसूण. फॉरवर्ड म्हणतं दोन्ही नाकपुड्यांत एकेक पाकळी घाला, पंधरा मिनिटांनी काढा, साठलेली सगळी घाण बाहेर येते. येते ना, धारच लागते, माझ्या भावाने करून बघितलंय. पण ते सायनसमधलं जुनं काही नसतं, लसूण झोंबतो म्हणून नाक चिडून नवीन पाणी सोडतं आणि तोंडाशी बूच असल्यामुळे ते अडून राहतं, बूच काढलं की भळकन बाहेर. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं तेव्हा आपण डोळे साफ झाले असं म्हणतो का? भावाची एक नाकपुडी आतून सोलवटली, दोन दिवस नाकाला हात लावू देत नव्हता.

मग 'शेंबूड पिवळा-हिरवा झाला की जंतू झाले, मेडिकलमधून पाच दिवसांचा अँटिबायोटिक कोर्स घ्या'. नाही! हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो, साध्या व्हायरल सर्दीतपण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. दहा दिवस झाले तरी काहीच उतार नाही, किंवा बरं वाटता वाटता परत ताप आणि दुखणं उसळलं, तर डॉक्टरकडे जायचं आणि गोळी त्यांनाच ठरवू द्यायची.

माझा खरा राग आहे तो घशाच्या मुद्द्यावर. 'घशात उतरणारा कफ गिळू नका, छातीत साचतो, जोरात खाकरून काढा.' अरे, नाक आणि सायनस मिळून रोज साधारण लिटरभर चिकट पाणी तयार करतात आणि तुम्हाआम्हा सगळ्यांचं ते घशामागून खालीच जातं, गिळलं की पोटात जातं, छातीत नाही, आणि पोटातलं अ‍ॅसिड त्याचा निकाल लावतं. उलट जोरात खाकरलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, मग घशात काहीतरी अडकलंय असं वाटतं आणि आपण परत खाकरतो. मी यात कित्येक वर्षं घालवली. शेवटी ईएनटीने नाकातून दुर्बीण घातली तर नाक बऱ्यापैकी मोकळं, आणि त्यांनी विचारलं काय तर रात्री जेवता किती वाजता? तेव्हा ठाण्याला पोचून स्वयंपाक करून जेवायलाच साडेदहा व्हायचे आणि अकराला मी आडवी. पोटातलं अ‍ॅसिड घशापर्यंत वर येऊ शकतं आणि छातीत जळजळ अजिबात न होताही येतं, हे मला तेव्हा कळलं. आता जेवण आणि झोप यात जमेल तेवढं, शक्यतो तीन तासांचं अंतर ठेवते आणि खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी पिते. पूर्ण गेलं नाहीये, पण आवाज दुपारी बसायचा तो बसत नाही.

दूध-दही बंद करा म्हणे, कफ होतो. १९९० साली ऑस्ट्रेलियात ६० जणांना मुद्दाम सर्दीचा व्हायरस देऊन, कोण किती दूध पितं ते लिहून, त्यांचे शेंबडाचे टिश्यू चक्क वजन करून बघितले होते (कुणाची नोकरी होती ही!), दुधाचा आणि शेंबडाचा संबंध काही सापडला नाही. दूध थुंकीत मिसळून घट्ट लागतं एवढंच. कुणाला बाधत असेल त्याने नको प्यायला.

'स्प्रेची सवय लागते' हे अर्धं खरं आहे, आणि त्यामुळेच जास्त घोळ होतो. नाक झटक्यात मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे ड्रॉप्स आठवडाभर ओढले तर नाक उलट जास्त चोंदतं, ते तीन ते पाच दिवसांच्या वर नाही. स्टिरॉइडचा स्प्रे वेगळा, त्याची अशी सवय लागत नाही, पण फरक दिसायला आठवडे लागतात आणि लोक चौथ्या दिवशी बाटली फेकतात. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत मारायचा, मधल्या पडद्यावर नाही, नाहीतर रक्त येतं.

जलनेतीचा मुद्दा तेवढा बरोबर, मिठाच्या पाण्याने नाक धुवून खरंच फरक पडतो. पण 'नळाचं कोमट पाणी' लिहिलंय ते खोडा. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघं मेंदूत अमीबा शिरून दगावले. उकळून थंड केलेलंच पाणी, लिटरला ९ ग्रॅम मीठ म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा. तेवढं असलं की झोंबत नाही.

आणि मामा, तू जे सांगतोस ना की माझं फक्त डाव्याच बाजूने येतं आणि घाण वास येतो, त्यासाठी आधी दाताच्या डॉक्टरकडे जा. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसला जवळजवळ टेकलेली असतात आणि तुझं रूट कॅनल डावीकडच्याच दाढेचं होतं. लसणाचं काय ते नंतर बघू.